आईच्या अंगावरची शाल

मे महिन्यातल्या दुपारी सांगलीत गच्चीखालच्या खोल्या तव्यासारख्या तापतात. आमचं घर वरच्या मजल्यावरचं, डोक्यावर नुसती स्लॅब. पंखा लावला तर तो गरम हवाच फिरवत राहतो. 2019 च्या मेमध्ये अशाच एका दुपारी मी पुण्याहून एसटीनं पोचले, दार ढकललं, तर समोर खुर्चीत आई शाल पांघरून बसलेली. बाबांची शाल. तपकिरी, एका कोपऱ्याला इस्त्रीचा जळका डाग असलेली. बाबांना जाऊन पाच महिने झाले होते.

मी दारातच उभी राहिले. आईनं मान वळवून बघितलं आणि जरा वेळानं म्हणाली, "आलीस?" बघणं आणि बोलणं यांच्यामधला तो 'जरा वेळ' मला फार लागला. पूर्वी जिन्यावर माझी चप्पल वाजली की ती आतूनच ओरडायची, "हातपाय धू आधी!"

रात्री नवऱ्याला फोन करून मी सांगितलं, आईला डिप्रेशन आलंय. अगदी ठासून सांगितलं. डिप्रेशन मला बघताक्षणी ओळखता येतं असा माझा समज होता, आणि तो समज मी फुकटात कमावलेला नव्हता.

2014 साली मी बँकेच्या एका शाखेत कॅशला होते. वय अडतीस, नोकरी पक्की, मुलगा सातवीत, नवरा शहाणा. दुःख करावं असं काही घडलेलं नव्हतं. श्रावण संपता संपता पहाटे साडेतीनला टक्क जाग यायला लागली. गजर नाही, स्वप्न नाही, डोळेच उघडायचे. मग उजाडेपर्यंत छताकडं बघत पडायचं. उजाडूच नये असं वाटायचं, कारण सकाळ सगळ्यात वाईट. संध्याकाळी सातच्या सुमाराला छातीवरचा दगड बोटभर सरकायचा. तेवढ्यात मी कोशिंबीर करून घ्यायची, आणि घरातले म्हणायचे, बघ, आता कशी बरी दिसतेस. चहाचं गोड जिभेला कळायचं, पण ते गोड दुसऱ्याच कुणाच्या तोंडात असल्यासारखं. चौथीत असताना मैत्रिणीची कंपासपेटी माझ्या हातून पडून फुटली होती. त्या पेटीवरून मी पहाटे पडल्या पडल्या स्वतःला शिव्या घालत असे. शंभर नोटांचं बंडल मशीनला लावायची, मशीन 100 दाखवायचं, पण विश्वास बसायचा नाही. परत लावायची. 100. परत. काऊंटरसमोरच्या रांगेतून एक पेन्शनर म्हणाले, "बाई, त्या नोटांना तरी जरा दम खाऊ द्या." रांग हसली. मी आत जाऊन बाथरूममध्ये वीस मिनिटं रडले.

यातलं काहीही मी डॉक्टरांना सांगितलं नाही. सांगितलं काय, तर अंगात त्राण नाही, डोकं जड असतं, भूक नाही. आपल्याकडं मनाचं दुखणं डॉक्टरच्या टेबलावर शरीराच्याच पोशाखात जातं. फॅमिली डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा. रक्त तपासलं. बी-12 जरा कमी निघालं, आमच्यासारख्या शाकाहारी घरांत ते पुष्कळदा निघतंच. लालभडक औषधाची इंजेक्शनं सुरू झाली, एक दिवसाआड. खरं तर बी-12 खूपच उतरलं तर त्याच्याही खुणा असतात. जीभ लाल होऊन झोंबते, तळपायांना मुंग्या येतात, अंधारात चालताना तोल जातो, विसराळूपणा येतो, स्वभावसुद्धा बदलतो. वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर त्याकडं लक्ष ठेवावंच. पण मला यातलं काहीही होत नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही. रिपोर्टात एक आकडा कमी सापडला होता आणि सगळे सुटले होते. आता इंजेक्शनं झाली की ही उभी राहील.

दहा इंजेक्शनं झाली. आकडा वर गेला, मी होते तिथंच. थायरॉईड बघितलं, साखर बघितली, हिमोग्लोबिन बघितलं, सगळं नॉर्मल. तो शब्द ऐकून घरात सगळ्यांना बरं वाटलं, आणि लगोलग त्याचा दुसरा अर्थ सुरू झाला. सासूबाई वाईट नव्हेत, पण म्हणाल्याच, "सगळं नॉर्मल आहे म्हणजे आता तूच मनावर घ्यायला हवंस." रिपोर्ट नॉर्मल आल्यामुळं आजार माझ्या रक्तातून निघून माझ्या स्वभावात येऊन बसला.

शेवटी ज्यांच्याकडं गेले त्या मानसोपचारतज्ज्ञ बाई पहिल्या भेटीत पाऊण तास विचारतच होत्या. त्यांनी विचारलेलं मी पुढं बऱ्याच जणांना विचारलं, म्हणून त्यातलं थोडं लिहिते. पहिला प्रश्न, आत्तापर्यंतचे रिपोर्ट आणा. म्हणजे मनाच्या डॉक्टरांनी आधी रक्ताचेच कागद मागितले. दुसरा, कोणकोणती औषधं चालू आहेत, आयुर्वेदिक, घरगुती, काहीही. घोरता का, दिवसा डुलक्या येतात का? रात्री श्वास अडकून झोप तुटत असेल तर तो माणूस दिवसभर मरगळलेला, चिडचिडा राहतो, आणि त्याच्यावरही उदासीचा शिक्का बसतो. आणि मग एक प्रश्न, ज्याच्यावर मी त्या महिन्यात पहिल्यांदा हसले: "कधी याच्या अगदी उलट झालंय का? चार-पाच दिवस झोप दोन तास, तरी टवटवीत, डोक्यात बेतावर बेत, हातात पैसा टिकत नाही, बोलणं थांबत नाही?"

मला नव्हतं झालं. माझ्या धाकट्या मामाला झालं होतं. त्यानं एका महिन्यात दोन म्हशी, एक जुनी रिक्षा आणि आठवडी बाजारातला एक गाळा घेतला होता, आणि पुढचे सहा महिने तो माडीवरून खाली उतरला नव्हता. घरात त्याला 'मामाचं वारं' म्हणायचे. वारं येतं, वारं जातं. बाईंनी पेन थांबवलं, मामाचं सगळं खोदून विचारलं आणि लिहून घेतलं. मग समजावलं, की दोन टोकांच्या आजारातली खालची बाजू आणि नुसतं डिप्रेशन ही शेजारी उभी केली तर सख्ख्या जुळ्या बहिणी वाटतात. पण खालच्या बाजूला एकट्या डिप्रेशनच्या गोळ्या दिल्या तर माणूस कधीकधी भर्रकन वरच्या टोकाला जातो. माझ्यात तसं काही दिसत नव्हतं. तरी माझ्या नवऱ्याला त्यांनी बजावलं, झोप कमी होऊनही या फार ताज्यातवान्या दिसायला लागल्या तर खूश होऊ नका, मला फोन करा.

औषधांच्या प्रश्नावरून थोडं आडवळण. आजोबांना रक्तदाबासाठी सर्पगंधेची गोळी होती. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेवर लेख लिहिला आणि आपल्या रानातली ही मुळी जगभर गेली. 1957 साली त्यांना लास्कर पुरस्कारही मिळाला. मधल्या काळात, 1952 साली, स्वित्झर्लंडमधल्या रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसर्पिन हे औषधी द्रव्य वेगळं काढलं. रक्तदाब उतरायचा, पण काही रुग्ण गोळी घेता घेता गप्प गप्प, खिन्न होत गेले अशा नोंदी यायला लागल्या. मेंदूतली कोणती रसायनं घटली की मन उतरतं, या विचाराला ज्या धाग्यांनी चालना मिळाली त्यातला हा एक. गोळीचा दोष सांगितला गेला तेवढा होता का, याबद्दल नंतरच्या संशोधकांनी शंकाही काढल्या आहेत. आजोबा शेवटची काही वर्षं ओसरीवर भिंतीकडं तोंड करून बसायचे. वय, स्वभाव, गोळी की आणखी काही, हे आता कोण सांगणार? मला एवढंच आठवतं की त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

मला गोळ्या सुरू झाल्या. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस पाचपर्यंत झोप लागली. दोन महिन्यांनी चहा परत माझ्या तोंडात गोड लागला. देशातल्या मानसिक आरोग्याचं जे मोठं सर्वेक्षण बंगळुरूच्या निम्हान्स या मनोविकार संस्थेनं 2015-16 मध्ये केलं, त्यात साधारण वीस माणसांमागं एकाला आयुष्यात कधीतरी डिप्रेशन येतं असं निघालं. आमच्या शाखेत आम्ही एकवीसजण होतो. तो एक म्हणजे मी, असं मी चेष्टेनं सांगायला लागले. सांगायला लागल्यावर लोक येऊन बसायला लागले. तेव्हा मनाच्या तक्रारींसाठी फोन करायचा टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर नव्हता, ती सेवा 2022 च्या ऑक्टोबरात आली. त्यामुळं आमच्या मजल्यावरचा तो नंबर बराच काळ मीच होते, आणि यातूनच माझा घोटाळा झाला. मला चेहरे ओळखू यायला लागले.

थोरल्या काकांचा चेहरा मी 2017 साली असाच ओळखला. इचलकरंजीत सूतगिरणीच्या हिशेबखात्यातून रिटायर झालेला मिश्कील माणूस, बोलता बोलता कोपरखळ्या मारणारा. वर्षभरात त्यांचा चेहरा मिटत गेला. आवाज बारीक झाला, कार्यक्रमांना जाणं बंद, शर्टाची बटणं लावायला पाच मिनिटं. काकू म्हणायच्या, रिटायर झाल्याचं मनाला लावून घेतलंय. मी म्हटलं, हे डिप्रेशन आहे, आणि त्यांना माझ्या बाईंकडं पुण्याला घेऊन आले.

बाईंनी त्यांना खुर्चीत बसवण्याआधी बोळातून चालत जाऊन परत यायला सांगितलं. मी बघत होते. डावा हात पुढं-मागं झुलत होता, उजवा अंगाला चिकटल्यासारखा स्थिर. वळताना त्यांना चार-पाच छोटी पावलं टाकावी लागली. मग कागद पुढं केला, "काहीही लिहा." काकांनी सवयीनं हिशेब लिहिला. दूध, पेपर, इस्त्री. पहिल्या ओळीतला 'दूध' ठसठशीत होता, तिसऱ्या ओळीतली 'इस्त्री' मुंगीएवढी. नंतर काकूंनी घरातल्या डायऱ्या काढल्या. पाच वर्षांपूर्वीची अक्षरं आणि आत्ताची शेजारी ठेवली तर कुणीतरी पान दूरदूर नेत गेल्यासारखं दिसत होतं. बाईंनी विचारलं, "मन उदास असतं का काका?" काका म्हणाले, "मन बरं आहे हो, चेहराच माझं ऐकत नाही." विनोद त्यांनी पूर्वीसारखाच केला होता. हसू तेवढं वर पोचलं नव्हतं.

पार्किन्सन, म्हणजे कंपवात. हात थरथरलाच पाहिजे असं त्यात नसतं, काकांचा तेव्हा थरथरत नव्हता. चेहऱ्याचे स्नायू मंद झाले की माणूस मुखवटा घातल्यासारखा दिसतो, आणि समोरचा त्या मुखवट्यालाच मन समजतो. हे प्रकरण इतकंही सोपं नाही. पार्किन्सनच्या कित्येकांना खरंखुरं डिप्रेशनही येतं, काहींना तर हालचाल मंदावायच्या आधीच. काकांना नव्हतं, इतकंच.

एका चुकीनं माणूस शहाणा होतो म्हणतात. मी झाले नाही. काकांचं प्रकरण मी 'पार्किन्सन' या कप्प्यात टाकलं आणि कप्पा बंद केला.

आता परत सांगलीला.

आईच्या बाबतीत माझी एकटीची नव्हे, सगळ्यांचीच कारणं तयार होती. बाबा गेले, हे पहिलं. त्याला कोण हरकत घेणार? सत्तेचाळीस वर्षांचा संसार. नातेवाईक म्हणायचे, वर्ष होऊ दे, वर्षश्राद्ध झालं की माणूस सावरतं. आपल्याकडं दहावा, तेरावा, मासिक, वर्षश्राद्ध अशी दुःखाची मुदत बांधून दिलेली आहे, आणि ते काही वेडेपणाचं नाही. तिकडं अमेरिकेत मानसोपचाराच्या पुस्तकात हेच मोजमाप किती वेळा बदललं ते बघा. आधी नियम होता की जवळचं माणूस गेल्यापासून दोन महिने सहसा डिप्रेशन म्हणायचं नाही. 2013 मध्ये तो नियम काढून टाकला, त्यावरून पुष्कळ वाद झाले. 2022 मध्ये लांबलेल्या शोकाचा वेगळा आजार यादीत आला, मोठ्या माणसांसाठी एक वर्षाच्या मुदतीचा. म्हणजे तेही फिरून वर्षश्राद्धाशी येऊन थांबले. फ्रॉइडनं 1917 सालीच लिहून ठेवलं आहे, की शोकात जग रितं होतं आणि विषादात माणूस स्वतःच रिता होतो. माझ्या कंपासपेटीला ते चपखल लागू पडतं. शोक करणारा माणूस सहसा स्वतःला नालायक समजत नाही. त्याचं दुःख लाटेसारखं येतं, सणाला, आवडीच्या भाजीला, रेडिओवरच्या गाण्याला, आणि मधल्या ओहोटीत तो हसूही शकतो. माझ्या आजारात ओहोटीच नव्हती.

आईत लाटाही नव्हत्या आणि स्वतःला बोल लावणंही नव्हतं. एक संथ, जाड सपाटी होती. हे मला दिसत होतं, पण मी ते डिप्रेशनच्याच बाजूला जमा केलं.

फोनवर डिप्रेशन चाचपायची एक प्रश्नावली असते, नऊ प्रश्नांची, पीएचक्यू-9 म्हणतात. कमाल गुण 27, दहा किंवा जास्त आले तर डॉक्टरांना दाखवा. मी जून महिन्यात आईला समोर बसवून प्रश्न विचारले. झोप? दिवसभर येते. थकवा? रोज. हालचाल, बोलणं मंद झालंय? शेजारची ताई म्हणते खरी. पेपर वाचताना लक्ष लागतं? ओळ संपेपर्यंत आधीची विसरते. सगळ्यांना तीन-तीन गुण. पहिला प्रश्न मात्र, कामं करण्यात रस किंवा आनंद वाटत नाही का, यावर ती बराच वेळ गप्प बसून म्हणाली, "रस आहे गं. कुरडया घालाव्या वाटतात. उठवत नाही."

मी एक गुण टाकला आणि पुढं गेले. बाकीचे प्रश्न धरून बेरीज चौदा झाली.

त्या उत्तरात सगळं होतं. मला 2014 साली कुरडया घालाव्या वाटल्या नव्हत्या. कुरडया जगात कशासाठी आहेत तेच मला कळेनासं झालं होतं. तिला इच्छा होती आणि अंग उठत नव्हतं. एवढ्यावरून निदान करता येत नाही हे कबूल, खऱ्या डिप्रेशनमध्येही माणसं 'उठवत नाही' म्हणतात. पण तिथं थांबायला तरी हवं होतं. त्या यादीच्या तळाशी डॉक्टरांसाठी एक अटही असते, हे सगळं दुसऱ्या शारीरिक आजारानं किंवा औषधानं होत नाहीये ना, ते बघावं. मी बघितलं नाही. माझ्या वेळेला सगळे रक्त तपासत बसले आणि मन राहून गेलं, त्याचा राग माझ्यात इतका होता की आईचं रक्त तपासणं मला अपमानासारखं वाटत होतं.

मग ऑगस्टमध्ये कृष्णेचा महापूर आला. आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. गावभागातली मावशी, तिची सून, दोन नातवंडं आमच्या घरी येऊन राहिली. एवढ्या गडबडीत आई खुर्चीत. मावशी म्हणाली, पुरानं धसका घेतला. कारणांना काय तोटा? नवरा गेला, पूर आला, वय झालं. खाली राहणाऱ्या आजींचंही त्याच आठवड्यात झालं, मंगळवारी गप्पा मारत होत्या, शुक्रवारी एकदम गप्प, कुणाकडं लक्ष नाही, सगळे म्हणाले पुराचं टेन्शन. निघालं काय, तर सोडियम उतरलेलं. दवाखान्यात दोन दिवस ठेवलं. इतक्या झपाट्यानं, तीन दिवसांत, म्हातारं माणूस मलूल झालं तर ते मनाचं म्हणत बसू नये, उचलून दवाखान्यात न्यावं. आईचं मात्र हळूहळू, महिन्यामहिन्यानं वाढत होतं, त्यामुळं रोज बघणाऱ्याला काही दिसेना.

गणपती झाल्यावर मी तिला मिरजेला घेऊन गेले. मानसोपचारतज्ज्ञांचीच वेळ घेतली होती, ते आजारी पडले म्हणून त्यांच्या शेजारच्या फिजिशियनकडं बसलो. निव्वळ योगायोग. तरुण मुलगा होता. त्यानं आईला "बसा मावशी" म्हटलं आणि ती बसेपर्यंत तिच्याकडं बघत राहिला. बसली तेव्हा म्हणाला, "आवाज कधीपासून असा झालाय?"

मला वाटत होतं फोनवर ती रडून रडून घोगरी बोलते.

त्यानं तिचे हात हातात घेतले. पाटल्या मनगटात रुतल्या होत्या. "या निघतात का?" आई म्हणाली, "उन्हाळ्यापासून नाही निघत. साबण लावून बघितला." भुवयांच्या बाहेरच्या टोकांवरून बोट फिरवलं, तिथले केस विरळ झाले होते. कोपराची कातडी भाकरीच्या पिठासारखी कोरडी. पोट साफ होतं का? रोज इसबगोल. नाडी 54. मग त्यानं आईला खुर्चीवर गुडघे टेकवून, पाय मागं लोंबते ठेवून उभं केलं आणि घोट्यामागच्या शिरेवर रबरी हातोडीनं टक् केलं. पाऊल झटक्यात मागं गेलं आणि परत यायला, कसं सांगू, पाण्यातून वर येणाऱ्या माणसासारखं हळूहळू आलं. त्यानं मला बोलावून दुसऱ्या पायावर परत करून दाखवलं. "मावशींचं मन बघूच आपण," तो म्हणाला, "पण आधी हे."

शेवटी आईच्या खांद्याकडं बघून त्यानं विचारलं, "उन्हाळ्यातही शाल लागायची?"

"थंडी वाजायची हो फार," आई म्हणाली. "ही हाताशी होती म्हणून घेतली. माझी ट्रंकेत खाली आहे, कोण काढणार?"

टीएसएच 86 आलं. रक्तातला हा आकडा साडेचारच्या आत असावा लागतो, इतका चढला म्हणजे गळ्यातली थायरॉईड ग्रंथी पार मंदावलेली.

नंतर मी वाचत सुटले, अपराध्यासारखी. 1888 साली लंडनच्या क्लिनिकल सोसायटीच्या समितीनं या आजाराच्या शंभरावर रुग्णांचा अहवाल काढला, त्यात जवळजवळ निम्म्यांना भास आणि भ्रम होते. थायरॉईड पार बसलेली माणसं वेड्यांच्या इस्पितळात जाऊन पडत होती. रिचर्ड ॲशर नावाच्या डॉक्टरनं 1949 साली अशा चौदा रुग्णांवर लिहिलं, म्हणजे साठ वर्षांनंतरही त्यांचं निदान चुकतच होतं. आणि 1891 साली जॉर्ज मरे यानं एका 46 वर्षांच्या बाईला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला, ती बाई पुढं 28 वर्षं जगली. हा शेवटचा तपशील मी आईला वाचून दाखवला. "मेंढीचं?" ती म्हणाली. "मला काय दिलंय?" मी म्हटलं, कारखान्यातली गोळी आहे, शाकाहारी समज.

आमच्या बँकेत ही गोष्ट पसरल्यावर दोघीतिघींनी थायरॉईड तपासून घेतलं. एकीचं टीएसएच 6.2 निघालं, आणि 'म्हणूनच मला रडू येतं' असं ती सांगायला लागली. तिचं रडू मला माहीत होतं, त्यात पहाटेचे साडेतीन होते. आकडा इतका थोडासा चढलेला असेल तर गोळीनं मन सुधारेलच असं नाही. युरोपात 65 च्या पुढच्या 737 माणसांवर एक चाचणी झाली, 2017 मध्ये निकाल आला, अशा किंचित चढलेल्या टीएसएचला गोळी दिली काय आणि न दिली काय, थकव्यात फरक दिसला नाही. मैत्रीण तर चाळिशीतली, तिला तो निकाल जसाच्या तसा लावता येत नाही. पण तिला एक सोयीचा आकडा सापडला होता, माझ्या बी-12 सारखा. मी तिला म्हटलं, गोळीचं तुझे डॉक्टर बघतील, तू माझ्या बाईंकडंही ये. ती आली, पण पाच महिने घालवून.

आईला 25 मायक्रोग्रॅमपासून सुरुवात केली, वय आणि हृदय बघून हळूहळू वाढवत न्यायची. उपाशीपोटी गोळी, मग निदान अर्धा तास चहा नाही. बाबा गेल्याचं तिनं कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण चहाच्या या अर्ध्या तासाबद्दल ती रोज बोलून दाखवायची. मला ती कटकट देवाच्या घंटेसारखी वाटत होती. ऑक्टोबरात पाटल्या निघाल्या. दिवाळीत तिनं मला चकलीच्या भाजणीवरून बोल लावले. डिसेंबरात वर्षश्राद्धाला जेवायला बसलेल्यांना बाबांची, लग्नात ते चुकून दुसऱ्याच मांडवात जाऊन जेवून आल्याची गोष्ट सांगितली, पूर्वीच्या आवाजात, पूर्वीच्या हातवाऱ्यांसह. सगळे हसले. मावशी मला हळूच म्हणाली, "बघ, वर्ष झालं की सावरतं माणूस." मी वाद घातला नाही.

जानेवारीत संक्रांतीला गेले होते. पहाट अजून अंधारी होती, खरी थंडी. मी उठून बाहेर आले तर आई खोलीत उभी, अंगात नुसतं झंपर-पातळ, हातात शाल. ट्रंक उघडी होती, डांबरगोळ्यांचा वास आलेला. शाल ठेवून द्यायची म्हणून तिनं घडी घातली होती. मग इस्त्रीच्या डागावरून अंगठा फिरवला. घडी मोडली, शाल तोंडाशी नेली, आणि तिथंच पलंगावर बसून रडायला लागली. हुंदके देऊन, मोठ्यानं, तेराव्यालासुद्धा ती अशी रडली नव्हती. "डाग मी पाडलेला," ती म्हणत होती, "मी पाडलेला, आणि एक शब्द बोलले नाहीत गं ते."

माझा हात सवयीनं फोनकडं गेला. नऊ प्रश्न, दोन आठवडे, बाई, मिरजेचा मुलगा. मग फोन तसाच ठेवला आणि तिच्या शेजारी टेकले. बऱ्याच वेळानं तिनं पदरानं नाक पुसलं आणि घड्याळाकडं बघितलं. गोळी घेऊन दहाच मिनिटं झाली होती. चहाला अजून वीस मिनिटं होती.